वाचनालयात वाचतं कोण?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या गावात गेलात की तिथला माणूस तुम्हाला तीन गोष्टी हमखास ऐकवतो. इथली मिसळ खरी, इथलं पाणी पचायला हलकं आणि इथलं वाचनालय सगळ्यात जुनं. पहिल्या दोन दाव्यांची शहानिशा पोट करतं. तिसऱ्याचा निकाल 'स्थापना' या शब्दापुढच्या आकड्यावर लागतो. रत्नागिरीच्या नगर वाचनालयाचं साल १८२८. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. म्हणजे पुण्यातलं असूनही ते पहिलं नाही, आणि ही गोष्ट पुण्यात सहसा कुणी मोठ्यानं बोलत नाही. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं.

या सालांकडे जरा नीट पाहावं. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं. म्हणजे पदवी मिळवायची सोय होण्याआधी एकोणतीस वर्षं रत्नागिरीत वाचायची सोय झाली होती. त्याच रत्नागिरीत रेल्वे पोचायला मात्र विसाव्या शतकाचं शेवटचं दशक उजाडलं. मधल्या दीडशेहून अधिक वर्षांत गावानं काय केलं, हे रत्नागिरीकराला विचारायच्या फंदात पडू नये. उत्तर द्यायच्या आधी तो तुमच्या प्रश्नातलं व्याकरण सुधारतो. ठाण्याचा क्रम याच्या उलट. तिथे रेल्वे आली १८५३ साली आणि 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भाव्यांच्या पुढाकारानं मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं १८९३ साली. गाडी आधी, पुस्तक नंतर. त्यामुळे ठाणेकर पुस्तक घरी नेतो आणि वाचतो गाडीत, तेही उभ्यानं, दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून.

अशा शंभरी ओलांडलेल्या वाचनालयांत जायची मला खोड आहे. परगावी लग्नाला गेलो तरी अक्षता आणि जेवण यांच्या मधल्या वेळात मी तिथलं वाचनालय गाठतो. पाहुणे मंडळी समजतात, माणूस वाचनवेडा आहे. मी तो समज दूर करत नाही. पण खरी गोष्ट अशी, की मी तिथे वाचायला जात नाही. आणि इतकी वाचनालयं पाहिल्यावर माझी खात्री झाली आहे, की तिथे आलेल्या बाकीच्यांपैकीही फारच थोडे वाचायला आलेले असतात.

जुनं वाचनालय बहुधा पहिल्या मजल्यावर असतं. तळमजल्याचे गाळे भाड्यानं दिलेले असतात, कारण ज्ञानदान वर चालतं आणि त्याचं वीजबिल खालच्यानं भरायचं असतं. त्यामुळे ज्ञानाचा मार्ग कापडदुकान आणि फरसाणवाला यांच्यामधून जातो. वर जाणारा जिना लाकडी आणि उभा. कठडा इतक्या तळहातांनी घासून गुळगुळीत केलेला असतो, की त्याला पॉलिशची गरज उरलेली नसते. सत्तरी उलटलेले सभासद हा जिना रोज चढतात आणि वर पोचल्यावर गुडघेदुखीवरचं पुस्तक मागतात.

जिना संपतो तिथे पूर्वसूरी भेटतात. संस्थापक, आश्रयदाते, माजी अध्यक्ष. पगड्या, उपरणी, मिशा. सगळ्यांच्या चेहऱ्यावर 'वर्गणी भरलीत का?' हा एकच भाव. त्याखाली देणगीदारांच्या नावांचा दगड. दगड कोरणाऱ्यानं आकड्यांप्रमाणे अक्षरं लहानमोठी केलेली असतात. हजार रुपयेवाला चष्म्याशिवाय वाचता येतो. एकशे एकवाल्यासाठी वाकावं लागतं. पण दगडावर न मावलेले देणगीदार अख्ख्या इमारतीत पसरलेले असतात. बाकावर कुणाच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ, घड्याळावर कुणाच्या तीर्थरूपांच्या, पाण्याच्या पिंपावर कुणा थोरल्या काकांच्या. मला सगळ्यात आवडतो तो पंखा. तिन्ही पात्यांवर देणगीदाराचं नाव लाल रंगात रंगवलेलं असतं आणि पंखा सुरू झाला की ते दिसेनासं होतं. म्हणजे उन्हाळाभर, ऐन उपयोगाच्या वेळी, देणगीदार अदृश्य. गुप्तदानाची याहून शास्त्रशुद्ध व्यवस्था मी पाहिलेली नाही.

आत शिरलं की पहिली खोली मुक्तद्वार विभागाची. इथे यायला वर्गणी लागत नाही, ओळख लागत नाही. टेबलावर वर्तमानपत्रं आणि भिंतीवर पाट्या. 'शांतता राखा' ही पाटी सगळीकडे असते. तिच्याकडे लक्ष देऊ नये, इतरही देत नाहीत. लक्ष द्यावं बाकीच्या पाट्यांकडे. 'शब्दकोडे सोडवू नये.' 'कात्रणे कापू नयेत.' 'पंख्याचा वेग वाढवू नये.' 'पिशवी ठेवून जागा अडवू नये.' 'बोटाला थुंकी लावून पाने उलटू नयेत.' यातली एकही पाटी कल्पनेतून आलेली नाही. प्रत्येकीमागे एक माणूस आहे, त्यानं ती गोष्ट निदान वर्षभर निष्ठेनं केलेली आहे आणि पाटी लागल्यावर तिच्याच खाली बसून चालू ठेवलेली आहे. वाचनालयाचा खरा इतिहास शताब्दीच्या स्मरणिकेत सापडत नाही. तो या पाट्यांवर असतो.

सकाळी दार उघडायच्या आधी चारपाच ज्येष्ठ मंडळी जिन्यात उभी असतात. दार उघडलं की कुणी धावत नाही, पण चालण्याला एक धार येते. वर्तमानपत्र अख्खं कुणालाच मिळत नाही. पहिलं पान एका अण्णांकडे, खेळाचं नानांकडे, बाजारभाव भाऊंकडे. ज्याला पहिलं पान मिळालं नाही, त्यानं ते मागायचं नसतं. फक्त त्या दिशेनं पाहायचं असतं. पाहण्याचे प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात आपण सहज छताकडे पाहतो आणि वाटेत त्यांच्याकडे. दुसऱ्यात घसा साफ करतो. तिसऱ्यात घड्याळ पाहतो, अर्थात भिंतीवरचं आणि अर्थात त्यांच्या डोक्यावरचं. या तिन्हींचा उपयोग होत नाही, कारण पहिलं पान धरलेला माणूस पहिलं पान वाचतच नसतो. तो त्याच्या आड बसलेला असतो. घरी सून आहे, नातवंडांची शाळेची गडबड आहे, बाथरूम एक आहे. सकाळच्या दोन तासांत घरातला सगळ्यात निरुपयोगी माणूस आपण आहोत, हे त्याला कुणी बोलून दाखवलेलं नसतं, तरी कळलेलं असतं. म्हणून तो इथे येतो आणि देशाचा कारभार हातात धरून बसतो.

एक गृहस्थ सगळ्या गावांत असतात. ते चार दैनिकांतली एकच बातमी चारदा वाचतात आणि मग जाहीर करतात, "चौघांनीही दडवलंय." काय दडवलंय, ते सांगत नाहीत. दुसरे गृहस्थ निधनवार्तांपासून सुरुवात करतात. त्यात ओळखीचं नाव सापडलं तर हळहळतात, नाही सापडलं तर थोडे खट्टू होतात. तिसरे कोड्यातले. पाटी आहे, म्हणून ते पेननं लिहीत नाहीत. कोडं मनात सोडवतात आणि उत्तरं शेजाऱ्याला सांगतात. शेजारी ती विसरू नयेत म्हणून पेननं लिहितो.

दुपारी देवघेव विभाग जागा होतो. हा विभाग म्हणजे एक काउंटर, त्यामागे कपाटांच्या रांगा आणि मध्ये ग्रंथपाल. बाई असतील तर सगळ्या गावाच्या त्या ताई. पुस्तकं कशी लावावीत याचं जगात मोठं शास्त्र आहे. मेल्विल ड्यूई नावाच्या अमेरिकन माणसानं १८७६ साली जगातलं सगळं ज्ञान दहा भागांत बसवलं आणि प्रत्येक विषयाला आकडा दिला. साहित्याला आठशेची इमारत. त्यात इंग्रजीला ८२० चा मजला, फ्रेंचला ८४० चा. मराठी साहित्याचा पत्ता ८९१.४६. अख्ख्या संतपरंपरेसह आपण आठशेच्या त्या इमारतीत जिन्याखालच्या खोलीत, तेही दशांशचिन्हाच्या आडोशाला राहतो. ड्यूईसाहेबांवर माझा राग नाही. त्यांना बिचाऱ्यांना आपल्याकडच्या ताई ठाऊक नव्हत्या.

कारण ताईंना आकडा लागत नाही. काउंटरशी उभं राहून ऐकावं.

"ताई, ते मागचं दे ना गं, निळ्या कव्हरचं. ज्यात ती नवऱ्याला सोडून जाते."

"काकू, ते तुम्ही दोनदा नेलंय."

"अगं, दोन्ही वेळा ती निघाली आणि इकडे पाहुणे आले. पुढे काय झालं ते कळायला हवं ना!"

ताई वळतात, तिसऱ्या कपाटाच्या खालच्या फळीवरून पुस्तक काढतात. निळं असतं. काकू निघायच्या आत दुसऱ्या आजी पुढे होतात. "यात माणसं फार मरत नाहीत ना? ह्यांना रात्री वाचून दाखवायचंय." ताई क्षणभर विचार करतात. "एक मरतं, पण सुरुवातीलाच. पुढे सगळं चांगलं आहे." आजी समाधानानं सही करतात. पुस्तकात कितीजण मरतात आणि कितव्या पानावर, ही नोंद कुठल्याही वर्गीकरणात नाही. आणि रात्री कुणाला तरी वाचून दाखवणाऱ्या माणसाला लागते ती नेमकी तीच.

आपले शि. रा. रंगनाथन मात्र थोर माणूस. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली आणि ती आजही जगभर शिकवली जातात. पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. सूत्रं बिनतोड आहेत, पण मुक्तद्वारात चौथ्याचा पार बोऱ्या वाजतो. वाचकाचा वेळ वाचवायचा खरा, पण तो घेऊन त्यानं जायचं कुठे? पाचव्या सूत्राचं पालन जुन्या वाचनालयाइतकं कुणीच करत नाही. पुस्तकं वाढत राहतात, इमारत वाढत नाही. मग ती कपाटांवर चढतात, खिडक्यांत बसतात, अखेर कार्यवाहांच्या टेबलावर येतात. टेबलामागे कार्यवाह आहेत की नाहीत, हे चहा आल्यावरच कळतं.

तिसरं सूत्र सगळ्यात अवघड. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ते पाळलं गेलं की नाही, हे पाहायचं तर पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेला तारखांचा कागद उघडावा. मराठीतली सगळ्यात निर्भीड समीक्षा या कागदावर झालेली आहे. समीक्षकांनी युगप्रवर्तक ठरवलेल्या एका कादंबरीच्या कागदावर मी एकच शिक्का पाहिला आहे, आणि तोही लेखकाचं व्याख्यान गावात ठरलं त्या आठवड्यातला असणार, असा मला दाट संशय आहे. उलट बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा घ्या. त्यांनी हजाराहून अधिक लिहिल्या. शिल्लक असलेल्या प्रतींवर कागदावर कागद चिकटवत जाऊन मलपृष्ठ इतकं जाड झालेलं असतं, की पुस्तक बंद होत नाही. साहित्याच्या इतिहासात अर्नाळकरांच्या वाट्याला थोडकी जागा येते. वाचनालयाच्या डिंकाला विचाराल तर तो वेगळा इतिहास सांगेल.

जुन्या पुस्तकाची बांधणी पुन्हा करतात, तोही एक संस्कार आहे. बांधणीवाला पुस्तक घट्ट शिवतो, कडा सरळ कापतो, वर काळं रेक्झिन चढवतो. या कारागिरीत डाव्या पानावरचा प्रत्येक ओळीतला शेवटचा शब्द शिवणीत जातो. वाचकाला तो अंदाजानं भरावा लागतो. प्रेमकथेत ही सोय फार उपयोगी पडते. पाककृतींच्या पुस्तकात मात्र पाव चमचा की पाव किलो, एवढाच प्रश्न घरादाराला पुरतो.

आणि समास. वाचनालयाच्या पुस्तकात दोन मजकूर असतात. एक छापलेला, दुसरा सभासदांनी दिलेला. 'पुस्तकावर लिहू नये' ही सूचना पहिल्याच पानावर असते आणि तिच्याखाली कुणीतरी बॉलपेननं लिहिलेलं असतं, 'बरोबर.' पुढे वाद पेटतो. लेखकानं कोकणातल्या पावसाचं दोन पानं वर्णन केलेलं असतं. समासात शेरा : 'लेखक कोकणात मे महिन्यात गेला असावा.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात : 'तुम्ही कधी गेलात?' त्याखाली तिसऱ्या शाईत : 'भांडणे काउंटरवर करावीत.' काही वाचक शुद्धलेखन तपासतात आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल रंगात सुधारत शेवटपर्यंत जातात. त्यांना कथानक विचारलं तर सांगता येत नाही, पण 'किंचित'ची वेलांटी कुठे चुकली ते पान क्रमांकासह पाठ असतं. रहस्यकथेच्या वाचकाला मात्र कायद्यात कडक शिक्षा हवी. बाराव्या पानावर एक सालस डॉक्टर चहा घ्यायला येतात. त्यांच्या नावाखाली रेघ आणि समासात तीन शब्द : 'खुनी हाच आहे.' पुढची दीडशे पानं आपण डॉक्टरांकडे डोळे वटारून पाहतो आणि शेवटी खुनी निघतो माळी. एका वाचकानं केलेली ही फसवणूक लेखकाच्या फसवणुकीहून वरचढ असते.

वर्षभर असं संथ चाललेलं वाचनालय दिवाळीनंतर खवळतं. 'मनोरंजन' मासिकानं १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा काशिनाथ रघुनाथ मित्रांना आपण घरोघरच्या तहनाम्यांना कारण होणार आहोत, याची कल्पना नसावी. दिवाळी अंकांची वर्गणी वेगळी. ती भरण्यासाठी रांग लागते आणि रांगेत वर्षभर न दिसलेली माणसं दिसतात. हिशेब पक्का असतो : वर्गणी इतकी, अंकांच्या किमती इतक्या, तेव्हा इतके अंक वाचले की पैसे वसूल आणि पुढचा प्रत्येक अंक निव्वळ नफा. नफ्यासाठी लोक काहीही वाचतात. एरवी ज्योतिषाला थोतांड म्हणणारे गृहस्थ भविष्याचा अंक बगलेत मारून नेतात. नवरा-बायको आळीपाळीनं येतात आणि एकमेकांना चुकवून एकच अंक दोनदा नेतात. अंक फिरत फिरत होळीला हाती येतो. तोवर त्यातले विनोद कुणीतरी सांगून झालेले असतात, पाककृतींची पानं पसार झालेली असतात आणि वार्षिक भविष्यातले चार महिने उलटून गेलेले असतात. हे चार महिने पडताळून पाहता येतात, हा उशिरा अंक मिळण्याचा एकमेव फायदा.

वाचनालयात जाऊन न वाचण्याची कला मात्र सर्वोच्च शिखराला पोचली आहे ती मुंबईत, काळा घोड्याजवळ. डेव्हिड ससून ग्रंथालय. मालाडच्या पिवळ्या दगडाची, टोकदार कमानींची ही इमारत १८७० सालची. टांकसाळीत आणि गोदीत यंत्रांवर काम करणाऱ्या मंडळींनी १८४७ साली संस्था काढली. तिच्या घरासाठी बगदादहून येऊन मुंबईत व्यापार उभा केलेल्या डेव्हिड ससूननं साठ हजार रुपये दिले. जिन्याशी त्याचा संगमरवरी पुतळा आहे. वर गॅलरीत लांब हातांच्या, पाय पसरायची सोय असलेल्या आरामखुर्च्या मांडलेल्या. समोर जहांगीर आर्ट गॅलरी, खाली रस्ता, गाड्या, हॉर्न, पर्यटक. आणि वर खुर्च्यांमध्ये सभासद. छातीवर पुस्तक उघडं, चष्मा कपाळावर, तोंड किंचित उघडं. दिवसभर यंत्राशी झगडणाऱ्या कामगाराच्या डोक्याला खाद्य मिळावं, हा संस्थेचा मूळ हेतू होता. डोक्याला विश्रांतीही लागते, हे या खुर्च्यांनी ओळखलं.

या गॅलरीसमोर मोठा इतिहास घडला आहे. ज्या घोड्याच्या पुतळ्यामुळे भागाला नाव पडलं, तो पाठीवरच्या राजपुत्रासकट १९६५ साली इथून हलवला. पुढे तो राणीच्या बागेत गेला. २०१७ साली तिथे नवा घोडा आला, पण स्वाराशिवाय. या दोन घटनांच्या मधल्या काळात गॅलरीत ज्या कुणाचा डोळा लागला असेल, त्याला घोडा गेल्याचं कळलंही नसेल. जाग आल्यावर त्याला एवढाच प्रश्न पडेल, की राजपुत्र उतरून गेला कुठे. आता या परिसरातल्या जुन्या इमारतींना युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं आहे. जागतिक वारशाच्या गॅलरीत दुपारची झोप काढणं, तेही दोन्ही बाजूंना पुस्तकांची कपाटं ठेवून, हे भाग्य राजवाड्यात राहणाऱ्यालाही मिळत नाही. शिवाय घरी दुपारी झोपलं तर 'काय हे, झोपलात?' असं विचारतात. वाचनालयात झोपलं तर लोक आवाज कमी करतात आणि म्हणतात, वाचून वाचून थकले.

हल्ली जुन्या वाचनालयाला एक नवा विभाग फुटला आहे. अभ्यासिका. तिथे स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात. ती डबा घेऊन सकाळी येतात, रात्री कुलूप लावायच्या वेळी जातात. गंमत अशी, की पूर्ण इमारतीत डोळे फाडून वाचणारी माणसं हीच, आणि वाचनालयाच्या पुस्तकाला हात न लावणारीही हीच. ती आपली पुस्तकं आपण आणतात. वाचनालयाकडून त्यांना हवी असते एक खुर्ची, एक दिवा, मोबाइल चार्ज करायला एक प्लग आणि 'मग, यंदा तरी होईल ना?' असं न विचारणारी जागा. शेवटची गोष्ट घरी मिळत नाही, चहाच्या टपरीवर मिळत नाही, लग्नकार्यात तर मुळीच मिळत नाही. इथे अण्णासुद्धा त्यांना विचारत नाहीत. उलट खेळाचं पान वाचून झालं, की न बोलता त्यांच्याकडे सरकवतात.

तर वाचनालयात वाचतं कोण, याचा माझा हिशेब असा. अण्णा घरच्या गडबडीतून सुटायला येतात. काकूंना नवऱ्याला सोडून जाणारी बाई शेवटी कुठे पोचते, ते पाहायचं असतं. गॅलरीतले गृहस्थ झोपायला येतात, मुलं प्रश्न चुकवायला, मी दुसऱ्यांना न्याहाळायला. उरलेल्या वेळात थोडंफार वाचनही होतं. आणि मला वाटतं, एवढ्यासाठी दोनशे वर्षं वाचनालय चालवणं मुळीच महाग नाही. शहरात कुठेही बसायचं म्हटलं की समोर वेटर येऊन उभा राहतो, नाहीतर पहारेकरी. काहीही विकत न घेता, देवाला हात न जोडता आणि आजारी न पडता तासन्‌तास बसता येईल, अशी छपराखालची दुसरी जागा मला माहीत नाही.

ही जागा आपोआप मिळालेली नाही. कवळाण्याच्या शेतकरी कुटुंबातून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून घेतला आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं विणलं. जिथे वाचनालय नाही अशा गावांत पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली ग्रंथालयांचा कायदा केला, महाराष्ट्र राज्यानं १९६७ साली. त्या कायद्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड अशा इयत्ता मिळतात आणि इयत्तेप्रमाणे अनुदान. ते अनुदान आणि खालच्या फरसाणवाल्याचं भाडं यांची बेरीज करून वर्ष काढायचं असतं. ताईंचा पगार किती, हे मी विचारलं नाही. त्या ज्या सफाईनं विषय बदलतात, त्यावरून अंदाज आला. वार्षिक सभेत यावर चर्चा व्हावी, असं दर वर्षी ठरतं. पण अध्यक्षांचं नाव फलकावर डावीकडे हवं की मध्यभागी, या विषयावर सभा रंगते आणि तोवर वडे येतात.

म्हणून वाचकहो, एवढं करा. तुमच्या भागातल्या जुन्या वाचनालयाचा जिना चढा आणि सभासद व्हा. वाचायलाच पाहिजे अशी अट नाही, पण वर्गणी वेळेवर भरा. तुमच्या घरच्या कपाटात वाचनालयाचा गोल शिक्का असलेलं एखादं पुस्तक असेल, आजोबांनी आणलेलं असलं तरी, नेऊन द्या. ताई दंडापेक्षा पुस्तकाच्या तब्येतीची चौकशी अधिक करतील. दुपारी झोप आली तर खुशाल झोपा, घोरू मात्र नका. आणि रहस्यकथा वाचून झाल्यावर खुनी कोण ते कळलंच, तर कृपा करून ते मनातच ठेवा.